निळ्या पिंपांसाठी माझी सही नाही

६ एप्रिल, सोम.
विहिरीचा तळ दिसला. टँकर आठवड्यातून दोनदा येणार, म्हणजे वाडीला पिंपं हवीत. दर उन्हाळ्यात कंपनी रसायनांची रिकामी निळी पिंपं कामगारांना फुकट देते. बाबा तिथे कंत्राटी, माल चढवायला; तेच टेम्पो भरून आणतात. वाडी त्यांना ‘पिंपवाले’ म्हणते आणि ते ऐकून त्यांची मान जरा वर होते. गेल्या पावसाळ्यापासून माझी नोकरीही तिथेच, पर्यावरण विभागात. यंदा गेटपासवर ‘धुतलेली, घरगुती वापरास योग्य’ याखाली माझी सही हवी, असं आमच्या विभागाचे सावंतसाहेब म्हणतात.
उद्या आधी धुणं बघते.

७ एप्रिल, मंगळ.
बघितलं. पाइपाने एक फेरा पाणी, पिंप आडवं, मग उपडं, झालं. ते पाणीही उघड्या गटारात. एकावर अर्धं लेबल शिल्लक, कवटीचं चित्र. आत डोकावले तर डोळे चुरचुरले.
घातक कचऱ्याचे नियम पुन्हा वाचले. असल्या रसायनांची रिकामी पिंपं हाही घातक कचराच. परवाना असलेल्याशिवाय कुणाला द्यायची नाहीत. विकत नाहीत, फुकटही नाहीत. साहेबांना दाखवलं. हसले.
“अहो मॅडम, माझ्या आंब्याच्या कलमांची फवारणी याच पिंपांतून होते. मी मेलो का?”
“सर, मी सही करणार नाही.”
“शनिवारपर्यंत विचार करा. वडील कंत्राटावर आहेत ना तुमचे?”
 नियमांचा कागद त्यांच्याच टेबलावर ठेवून आले. सही तरी नाहीच.

९ एप्रिल, गुरु.
घरच्या पिंपातलं पाणी बाटलीत नेऊन कंपनीच्या लॅबमध्ये तपासलं. जेवढं तपासता येतं तेवढं. काही निघालं नाही. बाबांना खरं ते सांगितलं.
“बघ! पाणी चांगलं हाय ना? मग?”
“आमच्याकडे सगळं तपासता येत नाही, बाबा. आधी या पिंपात काय भरलं होतं तेच आपल्याला ठाऊक नाही.”
“याच पाण्यावर वाढलीस. याच पाण्यावर बी.एस्सी. झालीस.”
वाढले, झाले. पण तेवढ्यावरून ‘योग्य’ असं लिहू? छे. जे मला माहीत नाही त्याखाली माझं नाव कसं घालू?

११ एप्रिल, शनि.
टेम्पो गेटवर. पिंपं रचलेली, बाबा वर दोऱ्या आवळत. वॉचमनने कागद पुढे केला. पाळी सुटलेली, सगळे उभे राहून बघताहेत. मी पेन काढलंच नाही.
बाबांनी एकदाच माझ्याकडे पाहिलं. मग दोरी सोडत ओरडले, “मॅडमची सही नाय. उतरवा रे!”
मॅडम. मला. जन्मात पहिल्यांदा.
घरी आले. शेजारची शेवंतीकाकू दगडी गडग्यावरून आयेला: “शिकली म्हणून वाडीला तहानेन मारणार काय गो तुझी लेक? हिला आता इकतची बाटलीच पाजा!”
आये: “पाजीन. तू पैसे दे.”
आये!!

१२ एप्रिल, रवि.
साहेबांचा फोन. बुधवारी दुसरं कुणीतरी सही करेल, माझी गोदामात बदली. बरं.
प्रदूषण मंडळाकडे तक्रार पाठवली. मैत्रीण म्हणाली, निनावी कर. का म्हणून? लपण्यासारखं मी काय केलंय? कंपनीलाही वेगळा अर्ज: वाडीला नव्या टाक्या द्या. फुकट द्यायची एवढी हौस आहे तर.
मग आमच्या दोन्ही पिंपांतलं पाणी माडांना घातलं, बाबांची पहार घेतली आणि तळाला भोकं पाडली. दुसरं पिंप चिवट. चार घाव लागले.
बाबा ओटीवर बसून बघत होते. “आता टँकर आला की पाणी माझ्या टोपीत भर.”
हसू आलं. दाबलं. त्यांनाही आलं होतं, वाटतं.

१५ एप्रिल, बुध.
सही झाली, माझ्याशिवाय. टेम्पो उद्या सकाळी वाडीत. मंडळात फोन केला तर “साहेब दौऱ्यावर.” आणि बाबांना कंत्राटदाराने सांगितलं, उद्यापासून येऊ नको.
 त्यांना विचारलं, “राग आलाय?”
“आलाय. सातला सहाणेवर वाडीची बैठक हाय. मी तुझ्या बाजून बोलणार नाय. पण तुला गप पण बसवणार नाय.”
सहाणेवर, पालखी बसते तिथे, पुरुष बोलतात. बायका मागे बसून ऐकतात. आज मी पुढे जाणार. आमचं भोकाचं पिंप मधोमध ठेवणार आणि एवढंच मागणार: उद्या टेम्पोतून एकही पिंप उतरवायचं नाही. ज्याला राग काढायचा त्याने माझ्यावर काढावा, पाणी मात्र त्यात भरू नये. शेवंतीकाकू ओरडेल. ओरडू दे. तिची नातवंडंही तेच पाणी पितात, हे तिच्या तोंडावर सांगणार.
पावणेसात. आये पदर खोचून दारात उभी आहे. म्हणते, “पिंप एकटीने नको उचलूस. पाखाडीच्या पायऱ्यांवर हातातून सुटेल.”