फॅमिली रूमचा पडदा

शनिवार, संध्याकाळ. हिंगोली.

मी सराव घेते त्या मुली आज कबड्डीचा उपांत्य सामना जिंकल्या, तरी मन थाऱ्यावर नाही. गावातून निघताना मीच त्यांच्या आयांना सांगितलं होतं, भाकरी बांधू नका, शहरातल्या चांगल्या हॉटेलात जेवू घालते. घरातली पहिली पदवीधर ना मी! मोबाइलवर शोधून हॉटेल काढलं. वांग्याची भाजी खरंच छान होती. पण दारातच मालक म्हणाला, "मॅडम, लेडीज आत, फॅमिली रूममध्ये." बाहेर पंख्याखाली मुलांचा संघ ऐसपैस बसला होता. आम्ही निमूट आत गेलो आणि पडदा मीच ओढला. कोणी सांगितलंही नव्हतं.

कप्तान सुनीता म्हणाली, "ताई, मैदानात सगळे बघून राहिले होते आपल्याला. इथं काहून लपायचं?"

"तू जेवताना लपलेलीच बरी," दुसरी म्हणाली. सगळ्या हसल्या. पडदा का ओढला मी?

आत्ता मालकाला फोन केला. उद्या अंतिम सामन्यानंतर बाहेरच्या हॉलमध्ये बाराजणींची जागा मागितली. "बघू," म्हणाला. ना हो, ना नाही. तरी मुलींना सांगून टाकलं, हरलो तरी उद्या बाहेरच बसायचं. आता मला माघार नाही.