शेवट बदलला की विसरला

माय, तू मला विसरली असशील. त्यात नवीन ते काय म्हणा, जिवंत होतीस तेव्हाच विसरली होतीस. माझ्याच घरात, माझ्याच हातचं जेवून तोंड पुसलंस की मलाच विचारायचीस, "बाई, तुम्ही कुणाच्या?" मी म्हणायचे, "तुझीच." तर मला खालपासून वरपर्यंत न्याहाळून म्हणायचीस, "नाय बा. माझी लेक काळी हाय." जसं काही तुझी खाट उचलून उचलून मी गोरी झाले होते. म्हणून आधी ओळख सांगून घेते. मी तुझी थोरली, काळीच आहे अजून, केस तेवढे पांढरे झालेत. राहते तिथंच, शहरात, गारखेड्यात. घरावर एक मजला चढला. मागच्या ज्या खोलीत तुझी खाट होती तिथं आता माझी नात झोपते, आणि हे सगळं तीच लिहितेय. मला अक्षर येत नाही, तुलाही येत नव्हतं. तिकडं तुला हे वाचून कोण दाखवील याचा विचार मी केलेला नाही. नात म्हणते, "आजी, लिहिते मी, पण टाकायचं कुठं?" मी म्हटलं, "तू हात चालव. टाकायचं मग बघू."

तुझा नातू म्हणतो मला सिनेमाचं वेड लागलंय. वेड नाही गं, वेळ आहे. गुडघे गेले, तेव्हा या लिहिणाऱ्या पोरीनं मोबाइल उभा धरायला एक दांडी आणून दिली. दुपारची भांडी झाली की मी आणि तो मोबाइल. सुट्टीच्या दिवशी ती मला मोठ्या थेटरातही नेते. तिथं सरकता जिना आहे, त्यावर पाय ठेवताना मी अजून खंडोबाचं नाव घेते आणि मागची माणसं खोळंबतात. आत गेलं की खुर्ची पलंगासारखी मागं कलते, वर गारवा एवढा की मी शालीशिवाय जात नाही, आणि मक्याच्या लाह्या बादलीभर. पण सिनेमा बघशील तर हसशील. परवाच्या एकात हिरोनं एवढी माणसं मारली, एवढी मारली, आणि एकाचंही मढं उचलायला कुणी आलं नाही. मी पोरीला विचारलं, "यांना घरदार नाय का? कुणाची बायको रडंना, कुणाच्या घरची चूल बंद राहीना." ती म्हणाली, "आजी, ते गुंड आहेत." मी म्हटलं, "गुंड असले तरी आभाळातून पडले का?" मागच्या माणसानं मला "श्श" केलं. मीही त्याला उलटं "श्श" केलं.

आणखी एकात हिरो मेंढरं राखतो. माय, मेंढरं धुऊन आणली होती! एकाच्या अंगाला गोखरू नाही की शेण नाही. तो पुढं बासरी वाजवत निघालाय आणि मेंढरं मागून वऱ्हाडासारखी चाललीत. कुत्रं नाही, खांद्यावर घोंगडी नाही, आणि पायताण कसलं तर बूट. मी एवढी हसले की पोरीला वाटलं मला ठसका लागला. भुताचाही एक पाहिला. त्यातली हडळ मला आवडली. सगळ्या सिनेमात तिचंच काय ते खरं होतं. नवऱ्यानं विहिरीत ढकललंय म्हणून ती चिडलीय, तर चिडणारच की. तिला बाटलीत कोंडून गावानं पेढे वाटले. मला नाही पटलं.

हे सगळं तुला सांगते, कारण सिनेमा सांगायचा असतो हे मी तुझ्याकडून शिकले. पिकं निघाली की वैजापूरला बाजाराच्या मैदानात तंबूतला सिनेमा यायचा. आपल्या वस्तीवरच्या सगळ्या बाया काही जाऊ शकायच्या नाहीत, मेंढरं कोण बघणार, कोकरं कोण सांभाळणार? मग सगळ्या मिळून तुला एकटीला धाडायच्या. एक तुझं पाणी भरायची, एक तुझ्या भाकरी थापायची, आणि तू सगळ्यांच्या वाटणीचा सिनेमा बघून यायचीस. मला सोबतीला न्यायचीस, कारण चालत परत येताना तुला बोलायला कुणीतरी लागायचं. दुसऱ्या दिवशी लिंबाखाली बाया गोळा व्हायच्या, लोकर कातायची चाती तुझ्या हातात, आणि सिनेमा सुरू. चाती फिरते आहे, तू बोलते आहेस, मधेच हिरोईनीसारखी मान वाकडी करते आहेस, कुणीतरी पदर तोंडात घालून हसते आहे. सूत तुटलं की सिनेमाही थांबायचा. तू सूत जोडायला मुद्दाम वेळ लावायचीस. बाया म्हणायच्या, "आगं सांग की, मेलं का जित्तं हाय?" तू म्हणायचीस, "थांब बाई, आधी धागा तर सापडू दे."

त्यातला एक दिवस मला लख्ख आठवतो. आदल्या दिवशी तंबूत आपण बघितलं होतं, त्या सिनेमातलं तान्हं लेकरू शेवटी तापानं जातं. तंबूतल्या बाया हुंदके देत होत्या, तूसुद्धा. आणि इकडं लिंबाखाली सांगताना तू त्या लेकराला जगवलंस. ताप उतरला म्हणालीस. त्यानं डोळे उघडले, दूध मागितलं, असं काय काय. मी मधेच ओरडले, "माय, असं नव्हतं! ते मेलं की!" तू चाती न थांबवता डाव्या हातानं माझ्या मांडीला असा चिमटा काढलास की मी उभीच राहिले. नंतर मला घराच्या आडोशाला नेऊन म्हणालीस, "ती समोर बसली होती ती दिसली न्हाई तुला? तिचं लेकरू जाऊन महिना झाला न्हाई. सिनेमा मी बघितलाय, शेवट माझा हाय." एवढंच. चिमट्याचा वळ दिवसभर राहिला. पण त्या दिवसापासून मला सिनेमा बघण्यापेक्षा तो सांगणारी बाई मोठी वाटायला लागली.

आता तुझ्या आजाराचं. गेल्या रविवारी आम्ही असा सिनेमा पाहिला की त्यात एक म्हातारी सगळं विसरते. सगळं थेटर रडत होतं, पोरगी रडत होती, पुढची बाई तर नवऱ्याच्या खांद्यावर पडली होती. मला मात्र राग येत होता. ती म्हातारी कशी, तर केस विंचरलेले, पांढरंशुभ्र लुगडं, खिडकीपाशी बसून गोड गोड हसते. कुणाला शिवी देत नाही. कुणाला चोर म्हणत नाही. तू चांदीचे वाळे स्वतःच्याच कनवटीला बांधून ठेवायचीस आणि भर दुपारी दारात उभी राहून गल्लीला सांगायचीस की या बाईनं मला लुटलं. मी गल्लीत मान खाली घालून चालायचे. सिनेमात ते नाही. सिनेमात ओलं अंथरूण नाही. आणि शेवटी काय, तर गाणं लागतं, म्हातारीला लेकाचं नाव आठवतं, ती त्याच्या गालाला हात लावते, आणि संपलं. मी पोरीला म्हटलं, "खोटं आहे हे." ती डोळे पुसत म्हणाली, "आजी, असू दे ना गं." तुझ्या शेवटच्या दिवसांत गाणं कसलं लागलं? तू मला तंबूतला सिनेमा सांगायचीस आणि त्यात माझा बाप यायचा, आपली मेंढरं यायची, हिरोईन वैजापूरच्या बाजारात लसूण घेत हिंडायची. मी ऐकत बसायचे. लई चांगला सिनेमा होता तो खरं तर. पण तो तू सांगत नव्हतीस, तो तुझ्यातून सांडत होता.

हे सगळं उगाळायचं कारण शेजारची आपा. भिंतीला भिंत लागून तिचं घर आहे. नळाला पाणी येतं त्या दिवशी आम्ही दोघी गच्चीवर टाक्या भरत उभ्या असतो, पाण्याला ना दिवसाचा भरवसा ना वेळेचा, मग बोलायला भरपूर सवड. आपाला गुडघ्यांपायी थेटर नाही आणि डोळ्यांपायी मोबाइल नाही. म्हणून मी तिला सिनेमा सांगते, तू सांगायचीस तसा. हातात चातीऐवजी पाण्याचा पाइप असतो एवढंच. तिचा लेक दुबईकडं कामाला आहे, आणि बरेच दिवस त्याचा फोन नाही.

मागच्या पाण्याच्या दिवशी मी तिला एक सिनेमा सांगत होते. त्यात एक पोरगा बोटीवर कामाला जातो आणि परत येत नाही. शेवटी आई दार उघडून बसलेली असते, आणि मागं भिंतीवर त्याच्या फोटोला हार दिसतो. मी हारापर्यंत आले, तर आपा माझ्याकडं टक लावून बघायला लागली. पाइप तिच्या पायावर वाहत होता, तिला भान नाही. म्हणाली, "अक्का, कायकू मजाक कर रै? उस दिन तो तुम बोले, बेटा बॅग लेके घर कू आया करके. माँ उसकू पराठे खिलाई बोले."

मी म्हटलं, "मी? कधी?"

"येइच सिनेमा, अक्का. पिछले पानी के दिन. मैं घर में जाके रोई थी खुशी से."

मी हसले. म्हटलं, "आपा, तुला दुसरा कुठला आठवतोय. म्हातारी झालीस." तीही हसली, "हौ, मेरीच मत मारी गई." आणि आम्ही पाइप बदलला. पण माय, तिच्या डोळ्यांत मला दिसलं. ती मला समजून घेत होती. गल्लीतल्या बाया तुला समजून घ्यायच्या ना, तसंच.

पोरगी पलीकडं कपडे वाळत घालत होती, तिनं सगळं ऐकलं. खाली आल्यावर हळूच म्हणाली, "आजी, तू मुद्दाम केलंस ना? आपांच्या मुलाचा फोन नाही, म्हणून तू पहिल्यांदा शेवट बदललास. तुझ्या आईसारखा." तिला लिंबाखालची गोष्ट मीच सांगितलेली. तिचा चेहरा असा होता की मी हो म्हणावं. मी म्हटलं, "व्हय. मग काय, आपाला रडवू का?" तिनं माझ्या गळ्यात हात टाकले. ती येत्या सोमवारी पुण्याला निघालीय, तिथं नोकरी लागली आहे तिला, खोली बघून झाली, गादी घेऊन झाली. मनात म्हटलं, हिला जाऊ दे सुखानं. मग बघू.

पण झोप येत नाही. तू बदलायचीस तेव्हा तुला ठाऊक असायचं की बदलतेय. खरा शेवट तू मुठीत धरून ठेवायचीस आणि दुसरा लोकांना द्यायचीस. म्हणून तर चिमटा एवढा जोरात बसला. मला माझी मूठ उघडून बघायचीय, आणि तिच्यात काय आहे तेच सापडत नाही. आपाला पहिल्यांदा सांगताना तिच्या लेकाची आठवण येऊन मी त्या पोराला घरी आणलं असेल का? असेल. तुझी लेक आहे, एवढी माया असेल माझ्यात. की मधला धागाच तुटला आणि मी भलताच जोडला? आणि तुला, माय, पहिल्यांदा कधी कळलं? कळलं होतं का? सिनेमा सांगता सांगता एखाद्या दिवशी तूही अशीच थांबली असशील, आणि आम्हाला वाटलं असेल, सूत जोडतेय.

आता लिहिणारीचा हात थांबलाय. लिही गं, थांबू नको. हे तुला समोरासमोर सांगायला मला जमलं नसतं, म्हणून पणजीच्या नावानं सांगतेय. तुला "व्हय" म्हणाले ते खोटं होतं. पहिल्यांदा काय सांगितलं, ते मला आठवत नाही. सांगितलं हेच आठवत नाही. तो सगळा दिवसच माझ्याकडं नाही. आणि मघाशी मी तुला सुरुवातीपासून वाचून दाखव म्हटलं ना, ते तुझं वाचणं ऐकायला नव्हे. सुरुवात काय केली होती ते मला हवं होतं.

रडू नकोस, कागद भिजेल. आज तुझा बाप आला की मी त्याला सांगते, मला दवाखान्यात ने. मीच सांगणार, तू मधे बोलायचं नाही. आणि सोमवारची गाडी सोडायची नाही. घरी राहिलीस तर मी तुला रोज विचारीन, "बाई, तुम्ही कुणाच्या?" आणि तुला वाईट वाटेल. लांब असलीस तर निदान फोनवर विचारीन.

माय, हे पत्र काही मी पाठवत नाही. तुझा पत्ता नाही, आणि असता तरी तू कुणाला तरी विचारलं असतंस, ही कोण बाई मला लिहिते. पण एक गोष्ट तुझ्याकडून मला पक्की कळलीय, ती मी या पोरीला देऊन ठेवते. तुझ्या शेवटच्या वर्षी तुला माझं नाव, माझं तोंड, काहीच ओळखू येत नव्हतं. पण मी हुलग्याच्या पिठाचे शेंगोळे रश्शात शिजवून वाटी पुढं ठेवली, तर पहिल्याच घासाला तू म्हणालीस, "लसूण कमी हाय. माझी लेक अशीच करती, हात आखडता." त्या दिवशी मी स्वयंपाकघरात जाऊन पोटभर हसले आणि मग पोटभर रडले. तेवढंच होतं माझं गाणं.

म्हणून, ऐक गं पोरी, तुलाच सांगते. पुण्यात गेल्यावर कुणा येणाऱ्याबरोबर मला मिठाई नको, बिस्किटं नकोत. महिन्यातून एकदा रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या गाडीत डबा दे, सकाळी तुझा बाप स्टँडवरून घेईल. डब्यात हुलग्याचे शेंगोळे, घट्टच ठेव, रस्सा वेगळा बांध. आणि लसूण कमी घाल. मला तुला नावं ठेवता आली पाहिजेत.