तुमच्या डाव्या पायाची बोटं

अब्बा,

आज मंगळवार, नऊ डिसेंबर. सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटं झाली आहेत. मी शेवगावच्या एका लहान दवाखान्याच्या बाकावर बसलो आहे आणि माझा मुलगा लघवी कधी करतो याची वाट पाहतो आहे. तो नऊ दिवसांचा आहे. तासाभरापूर्वी त्याची सुन्नत झाली. लघवी झाली की घरी न्या, असं डॉक्टर म्हणाले. आत त्याची आई त्याला पाजते आहे. तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली, म्हणून हे सगळं मला कागदावर सांगावं लागतं. दहावी सुटली तरी माझं अक्षर तुम्हाला आवडायचं.

तुम्ही बाजाराच्या दिवशी हजामती करायचात, पण खर्ड्याच्या आसपासच्या गावांत तुमचं नाव होतं ते सुन्नतीसाठी. चिरलेली बांबूची काडी, उस्तरा, जळक्या कापडाची राख आणि साखरेच्या पाण्यात बुडवलेला कापसाचा बोळा. आत बाळ किंचाळायचं, ओसरीत त्याची आई कानावर पदर दाबून बसलेली असायची. मग तुम्ही हात पुसत बाहेर यायचात आणि दर वेळी तेच सांगायचात, "बाई, त्याला काय कळत न्हाई. आठ दिसाचं लेकरू म्हंजी कच्चं मडकं. मडकं बी वाजतं, म्हनून काय त्याला दुखतं व्हय? पाय धरल्याचं रडं हाय ते." ती बाई डोळे पुसून हसायची. मी सुद्धा तो शब्द खरा मानला होता, कारण तो तुमचा होता.

एकदाच विचारलं होतं. मी सातवीत असेन. अम्मी चुलीपुढे भाकरी थापत होती आणि तुम्ही वाटीत साखर विरघळवत होता. मी म्हणालो, "अब्बा, काय कळतच न्हाई, तर साखर कशाला?" तुम्ही वर न बघता म्हणालात, "साखर आयांसाठी असती. पोर गप बसलं की बाई गप बसती." अम्मी तव्यावर भाकरी उलटत म्हणाली, "मंग ह्याच्या वक्ताला पाथर्डीचा हजाम का बोलावला व्हता? सवताच्या लेकाला हात लावंना झाला तुमचा." तुम्ही वाटी खाली ठेवलीत. मला म्हणालात, "शाळा असलेच प्रश्न शिकवत असंल तर उद्यापासून दुकानात बस." आणि अर्धी भाकरी ताटात ठेवून बाहेर जाऊन उस्तऱ्याला धार लावत बसलात. तो उस्तरा तुम्ही सकाळीच पाजळलेला होता.

आज सिस्टर एकटीच होती. डॉक्टर म्हणाले, "दादा, गुडघे धराल का? भीती वाटत असेल तर राहू द्या." मी म्हणालो, मला धरता येतं. त्यांनी आधी बधिर करायचं इंजेक्शन दिलं. सुई टोचली तसं ते पोर असं किंचाळलं की आवाज संपला तरी तोंड उघडंच राहिलं. चेहरा जांभळा झाला आणि त्याच्या पायाची इवली बोटं पंख्यासारखी फाकली, मग आत मुडपली. सिस्टरने घड्याळ पाहून पाच मिनिटं जाऊ दिली. नंतर कात्री चालली तेव्हाही ते टेबल तेवढंच गार होतं, माझ्या हातांची पकडही तीच होती, तोंडातला साखरेचा बोळाही तोच. तो ट्यूबलाइटकडे बघत बोळा चोखत होता. बोटं सैल पडली होती. म्हणजे पाय धरल्याचं ते रडणं नव्हतं, अब्बा.

मला वाटलं होतं की हे कळल्यावर तुमचा राग येईल. तसं झालं नाही. मी त्याच्या पायांकडे पाहत राहिलो, कारण ती बोटं मी आधी पाहिली होती.

नगरच्या दवाखान्यात तुमची उजवी बाजू गेलेली आणि वाचाही गेलेली. पडून पडून कमरेखाली जखमा झाल्या होत्या. रोज दहाच्या सुमारास ड्रेसिंगवाला यायचा, आम्ही दोघं तुम्हाला कुशीवर करायचो, मी गुडघे धरायचो आणि तो चिमट्याने सडलेलं मांस काढायचा. तुम्ही हूं की चूं करत नव्हता. "काकांना आता काय कळत न्हाई," तो म्हणायचा, "नायतर एवढ्यात दवाखाना डोक्यावर घेतला असता." आणि मी बाहेर येऊन, हात पुसत, अम्मीला तेच सांगायचो. "त्यांना काही कळत नाही, अम्मी." ती पदराने डोळे पुसायची आणि मान हलवायची.

चौथ्या दिवशी मोठ्या डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून दिली. ड्रेसिंगच्या आधी रोज दुखण्याचं इंजेक्शन द्या, बाहेरून आणा. मेडिकल रस्त्याच्या पलीकडे होतं. ड्रेसिंगवाला म्हणाला, "आणायचं तर आण, पण मला अजून सहा पेशंट हायत." मी गुडघे धरले. त्यानंतर तुम्ही अकरा दिवस होतात आणि रोज ड्रेसिंग झालं.

लोकांना वाटेल, पैसे नसतील. पैसे खिशात होते. पण चौथ्या दिवशी ते इंजेक्शन आणलं असतं, तर पहिल्या तीन दिवसांचं काय करायचं होतं मी? पाचव्या दिवशी चार झाले असते. रोज एक दिवस वाढत गेला आणि रोज ते आणणं जास्त अवघड होत गेलं. तुमची तर चाळीस वर्षं होती. "दुखतं" असं एका बाईला एकदा म्हणाला असतात, तर त्या सगळ्या ओसऱ्या परत फिरून आल्या असत्या. म्हणून पाथर्डीचा हजाम बोलावलात आणि बाकी काही बोलला नाहीत. हे मला आज कळलं.

सिस्टर आत्ता दारात येऊन सांगून गेली, "झाली हो लघवी. घेऊन जा राजाला." बाकावर शेजारी बसलेल्या सासूबाई विचारत होत्या, लई रडला का. मी सांगितलं, सुईला रडला, दुखलं त्याला. त्या उठून आत त्याच्याकडे गेल्या.

हा कागद कुठे टाकायचा ते मला माहीत नाही. घडी करून त्याच्या फाइलमध्ये ठेवतो. तुमच्या इंजेक्शनची चिठ्ठी अजून माझ्याकडे आहे, न वापरलेली. आणि एक राहिलं. पहिल्याच दिवशी, चिमटा लागला तेव्हा, तुमच्या डाव्या पायाची बोटं फाकली आणि आत मुडपली. मी पाहिलं होतं. मी पायावर चादर ओढली आणि पुन्हा गुडघे धरले.