धुऊन जाणारा निळा

प्रिय टॅम्झिन,

होबार्टला आता चांगलीच थंडी पडली असेल. इथे सकाळी धुकं उतरतं तेव्हा कारखाना, युकॅलिप्टसची झाडं, मेंढ्या, सगळं विरघळून जातं आणि मी चहाचा कप धरून अंगणात उभी राहते. तुझे बाबा म्हणतात, म्हातारी उभ्यानं स्वप्नं बघते. बघते तर बघते. त्या धुक्यातून तू चालत येताना दिसतेस, खोटं कशाला सांगू.

काल फुटबॉलच्या मैदानावर रेघा मारल्या. रंग आपलाच, नेहमीसारखा फुकट. बाहेरगावचे संघ आपल्या निळ्या रेघांना हसतात, हसू देत. मेंढ्यांच्या पाठीवर खुणेसाठी लावायचा हा निळा पावसापाण्यात टिकतो आणि लोकर धुताना मुकाट निघून जातो. तुझ्या आजोबांनी आजीच्या कपडे उकळायच्या हंड्यात तो पहिल्यांदा शिजवला, तेव्हा मात्र चादरींना लागलेला रंग काही केल्या जाईना. चादरी पांढऱ्या होईपर्यंत आजी त्यांच्याशी बोलली नाही. आपल्या ट्रेझाइझ घराण्याचा कारखाना बायकोच्या अबोल्यावर उभा राहिला, असं गावात अजून म्हणतात.

मग कारखान्याच्या सांडपाण्यानं ओढ्यातले मासे मेले, तेव्हा तू गावसभेत उठून म्हणालीस, माझ्या बाबांनी मैदान रंगवलं आणि ओढा मारला. मला तुझा राग आला आणि अभिमानही वाटला. तू होबार्टला निघून गेलीस, पाणी तपासायचं काम धरलंस. पुढच्या उन्हाळ्यात यांनी तळ्यांसाठी मागचं कुरण खणायला घेतलं. आता कारखान्याचं पाणी एका तळ्यातून दुसऱ्यात, लव्हाळ्यांमधून गाळत गाळत ओढ्याकडे जातं. काळे हंस आलेत. त्यांच्या पिल्लांकडे बघत हे तासन्‌तास काठावर बसतात, आणि वर मलाच स्वप्नाळू म्हणतात.

शेवटचं तळं गावातल्या मुलांना पोहायला खुलं करायचं ठरलंय. सरकारी तपासणी झाली, पाणी पास झालं. पण परवा सभेत हे हटून बसले. म्हणाले, "टॅम्झिननं तपासल्याशिवाय एकही पोर पाण्यात उतरणार नाही. ती नाही म्हणाली, तर कारखाना बंद."

आपला जुना मुकादम क्लेम वैतागला. "अरे, मग बोलव ना तिला."

"कोणत्या तोंडानं बोलवू?"

अर्ध्या गावाची चूल या कारखान्यावर चालते, त्यामुळे सगळे चिंतेतच घरी गेले. म्हणून मी यांना न सांगता लिहितेय. तुझ्या तपासणीच्या बाटल्या घेऊन ये. आमच्या पिकल्या केसांकडे बघून गोड बोलू नकोस. पाणी वाईट असेल तर वाईट म्हण, कुलूप मी माझ्या हातानं लावीन. तुझं खरं ऐकल्याशिवाय या माणसाला चैन पडायची नाही, आणि तुला पाहिल्याशिवाय मला.

तुझीच,
आई