बाबांच्या वहीतली हवा

३ जानेवारी

चि. धाकटीस अ. उ. आ. वि. वि.

आत्याचं पत्र आलं. हल्ली गच्चीवरच्या वहीत तुझं अक्षर असतं, असं तिनं सहज लिहिलंय. वेधशाळेतून निवृत्त झाल्यापासून बावीस वर्षं बाबा रोज सकाळी सातला पारा बघून ती वही लिहितात. एवढ्या वर्षांत मला त्यांनी फक्त रेघा मारायला दिल्या. वही पुढे थोरलीनं चालवायची, हे तुझ्यादेखत म्हणाले होते. मग हे ठरलं कधी, आणि मला कळवायला कुणाचे हात दुखत होते?

असो. मीही थर्मामीटर आणलाय. औषधांच्या दुकानात जायच्या आधी, बरोबर सातला बघते. परवा १६.२, काल १५.८, आज १६.४. तिन्ही दिवस मळभ, वारा नाही. हिवाळा म्हणायचा, पण स्वेटर नुसता खांद्यावर. हे बाबांना वाचून दाखव आणि तुमचे आकडे मला पाठव. बघू तरी तू काय दिवे लावतेस.

तू लाडकी आहेसच, थोडी जागा मलाही ठेवावी.

ताई

८ जानेवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

बाई गं, केवढा हा राग! वही मी पळवलेली नाही. बाबा पारा बघून सांगतात, मी लिहिते, एवढंच. इथंही तेच रडगाणं आहे. धड ऊन नाही, धड थंडी नाही. कपडे तीन-तीन दिवस दोरीवर. बांधणीला आलेल्या पुस्तकांची खळ वाळत नाही, तर मालक माझ्यावर डाफरतात, जसे काही ढग मीच आणलेत.

पत्र वाचून दाखवलं. बाबांनी पुन्हा वाचायला लावलं. मग चहाला तुझाच पारा, जेवतानाही तुझाच. मी रोज त्यांना कोट चढवते, जिन्यावर पुढे चालते, त्याचं कधी नाव नाही!

मागितलेस म्हणून वहीतले आकडे जसेच्या तसे देते. परवा १६.२, काल १५.८, आज १६.४. मळभ. वारा नाही. नीट बघ हं.

राग निवला की उत्तर लिहावं.

तुझी धाकटी

११ जानेवारी

चि. धाकटीस आ.

नीट बघितलं, आणि डोकंच फिरलं. हे माझे आकडे आहेत! दशांशासकट, त्याच क्रमानं! म्हणजे सातला बाईसाहेब अंथरुणात, आणि बाबांच्या वहीत माझ्या पत्रातून उतरवलेलं. शाळेत माझी चित्रं स्वतःची म्हणून दाखवायचीस, तेव्हा मी हसण्यावारी नेलं. पण बाबांनी तापानं फणफणत असतानाही त्या वहीत खोटा आकडा घातला नाही गं. तुला काही वाटलं कसं नाही? दुकानात आज एकाला भलतीच बाटली देता देता राहिले.

वही पोस्टानं माझ्याकडे धाड. नाहीतर मी बाबांनाच लिहिते.

माया आहे, पण आज शोधावी लागतेय.

ताई

१४ जानेवारी

ती. ताईस सा. न.

बाबांना लिहू नकोस. लिहिलंस तरी ते मलाच वाचावं लागेल.

त्यांना दिसत नाही, ताई. दिवाळखोर माणसासारखे लपवतात. समोर माणूस उभा आहे एवढं कळतं, पाऱ्याची रेघ नाही. थोरलीला सांगायचं नाही, ती नोकरी सोडून धावत येईल, अशी त्यांनी मला शपथ घातली. रोज सातला मी त्यांचा कोपर धरून वर नेते. ते थर्मामीटरच्या पेटीचं दार उघडतात, वाकतात, बराच वेळ बघितल्यासारखं करतात आणि आकडा सांगतात. आधी सवयीनं काहीतरी सांगायचे. तुझं पत्र आल्यापासून तुझे आकडे सांगतात. मी मुकाट्यानं लिहिते. खरे आकडे मागच्या पानावर पेन्सिलीनं टिपते. ते तीन दिवस होते १८.६, १९.१, १८.८.

शपथ मोडायची नव्हती, म्हणून वहीतले आकडे तसेच धाडले. वाटलं, तू ओळखशील. तू मला चोर ठरवून मोकळी झालीस.

मला तुझा हेवा वाटतो, अगदी जळते म्हण. त्यांच्या शेजारी उभी मी, आणि हवा तुझ्याकडची.

जमलं तर विचारपूस करावी.

धाकटी

१७ जानेवारी

चि. धाकटीस,

मी चुकले. त्यांनी माझे आकडे पाठ केले हे वाचून आधी आनंद झाला, खोटं कशाला बोलू. मग तू धरलेला तो कोपर डोळ्यांपुढून हलेना. हेवा माझाही गेलेला नाही.

रविवारी येते, नोकरी न सोडता. डोळ्यांच्या डॉक्टरकडे मी नेईन. चिडायचे ते माझ्यावर चिडू देत. वही तूच चालवायचीस, हे मी त्यांना तोंडावर सांगणार आहे.

तोवर सोबतचं दुसरं पत्र त्यांना दोनदा वाचून दाखव. त्यात माझ्याकडचा पारा म्हणून १८.६, १९.१, १८.८ लिहिलाय, म्हणजे गच्चीवर ते तुमच्याकडचेच आकडे सांगतील. मळभ हटत नाही, तोवर आठवड्याचा शिळा आकडाही खपेल. पुढचेही रोज मला धाडत जा.

माझा पारा मी आज बघितलाच नाही. तुझा किती होता?

ताई