कातळावर चिरेखाण काढू नये

मी, कमळा लवू नागवेकर, वय चौतीस, व्यायामशिक्षिका, राहणार आरे, तालुका रत्नागिरी, पुढच्या सोमवारी पोटाच्या शस्त्रक्रियेसाठी मुंबईस जात आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. ते नाही, असे माझे थोरले बंधू भिकाजी गावभर सांगतात, म्हणून हे आधीच लिहून ठेवते. हे लिहिताना कोणाचा दाब नाही. होता, तो जुमानला नाही.

१. वडिलोपार्जित घरातील माझा हिस्सा बंधूंस द्यावा. मी भारताच्या महिला फुटबॉल संघातून आशियाई स्पर्धेला कालिकतला गेले, तेव्हा मला मागणी घालायला आलेल्या मंडळींना त्यांनी याच पडवीत सांगितले, "कमळा नर्सिंग शिकायला गेलीय." एवढे खोटे बोलून लग्न जमले नाहीच. घर त्यांना लखलाभ.

२. त्या स्पर्धेत आपण दुसरे आलो. मी राखीव गोलरक्षक. अंतिम सामना बाकावर बसून पाहिला आणि घसा फुटेपर्यंत ओरडले. गावी आल्यावर पंचांनी विचारले, "दुसऱ्या म्हणजे हरलातच ना गो?" त्यांची वाडी तालुक्याच्या कबड्डीत पहिल्याच फेरीत बाद होते. तरी सत्कार ठरला. शाल आणि श्रीफळ भिकाजींना दिले, घरचा कर्ता पुरुष म्हणून. मी आत चहा गाळत होते. शाल त्यांच्याकडेच राहावी. नारळाची त्याच संध्याकाळी चटणी झाली, वाटली मी.

३. पुढे आपला संघ हाँगकाँगला तिसरा आणि बँकॉकला परत दुसरा आला. शहाऐंशीच्या स्पर्धेला संघच गेला नाही. न गेलेला संघ हरत नाही, हे पंचांना पटण्यासारखे आहे. माझी निळी जर्सी चितेवर घालू नये. मला साध्या सुती साडीत न्यावे. जर्सी, हातमोजे आणि पदक मासे विकणाऱ्या गोदाची मुलगी चिमा हिला द्यावे. ती एकोणीस वर्षांची आहे आणि चेंडू येताना डोळे मिटत नाही. पोस्टातील शिल्लकेतून वाडीत फुटबॉल खेळणाऱ्या पोरींना बूट घ्यावेत.

४. वाडीमागचा सपाट कातळ मी माझ्या पगारातून घेतला. तेव्हा बंधू हसले होते, "तिथे काय दगड पिकवणार?" आता त्यांना तिथे चिरेखाण काढायची आहे, दगडच पिकवायचे आहेत. परवाच म्हणाले, "कमळे, पोरी लग्नं होऊन जातील. कातळ काय चाटायचाय?"
मी म्हटले, "दादा, सुना येतील त्याही खेळतील."
"तुझं हे कधी सुधारायचं नाय!"
हा कातळ मी चिमाला देत आहे. तिथे रोज संध्याकाळी वाडीतल्या पोरी खेळतात. गुडघे फुटतात, माती नाही म्हणून. पण खेळायला गावात दुसरी सपाट जागा नाही. एकदा चिरे निघाले की राहील तो खड्डा. मी गेल्यावर हे होऊ नये, एवढ्याचसाठी हे सारे लिहिणे. चिमाने लग्न करावे की न करावे, याची अट नाही. खाण काढू नये, एवढीच आहे.

साक्षीसाठी वाडीतील पुरुषांकडे गेले. भिकाजींना दुखवायचे नाही म्हणून कोणाला ताप आला, कोणाचा चष्मा हरवला. माझी सहशिक्षिका विमला तयार झाली. दुसरी साक्ष मिळेना. भिकाजी बाजारात गेले असताना दमयंतीवहिनी हात पुसत बाहेर आल्या.
"वन्सं, मी करू सही?"
"दादा घरात घेतील ना तुम्हाला?"
"भाकऱ्या कोण भाजणार मग?" त्या बसल्या. पेन धरून थांबल्या. "पूर्ण नाव लिहायचं? ह्यांचं मध्ये येतंय."
"येऊ दे."
लग्नापासून नवऱ्याचे नाव त्यांनी फक्त उखाण्यात घेतलेले. आज उखाणा न घेता, ठळक अक्षरात लिहिले.

मृत्युपत्र करणार: कमळा लवू नागवेकर

आम्हा दोघींसमक्ष तिने सही केली, तिच्यासमक्ष आम्ही:
१. विमला हरिश्चंद्र पाटणकर
२. सौ. दमयंती भिकाजी नागवेकर

मुक्काम आरे, जिल्हा रत्नागिरी
दिनांक ९ फेब्रुवारी १९८८