खापरावरची रेघ

१२ जून २००६, त्सुकुबा
पार्टटाइम नोकरी लागली! युनिव्हर्सिटीत, आठवड्यातून तीन दिवस. तिथल्या म्हाताऱ्या प्रोफेसरांनी (सगळे ‘सेन्सेई’ म्हणतात) तरुणपणी इस्राएलमध्ये खणून काढलेलं एक खापर. त्यावर कोरलेली प्राचीन हिब्रू अक्षरं जशीच्या तशी कागदावर उतरवायची. ठाण्यात सहा वर्षं बिल्डिंगचे नकाशे काढले, ते कामी आले. म्हटलं, मला यातलं ओ की ठो कळत नाही. तर म्हणाले, “म्हणूनच तुम्ही, पेंडसेसान. वाचता येणाऱ्याला हवं तेच दिसतं.”

२६ जून
पहिलं ड्रॉइंग दिलं. शेवटच्या अक्षरात एक आडवी रेघ आहे, असं सेन्सेई तीस वर्षं म्हणतायत. बाहेरचे पंडित म्हणतात, नुसता ओरखडा. रेघ असेल तरच खापरावरचं नाव सेन्सेई म्हणतात त्या गावाचं ठरतं. माझ्या ड्रॉइंगमध्ये रेघ नाही. बिचाऱ्यांनी आभार मानले, चहा दिला. फार वाईट वाटलं.

८ जुलै
लायब्ररीतून जुन्या हिब्रू लिपीचं पुस्तक आणलं. राहवलंच नाही. मंदार म्हणतो, “नवरा तोयोसुच्या ऑफिसात, बायको थेट बायबलात!” खुशाल हसू दे.

२४ जुलै
सेन्सेईंनी पुन्हा काढायला सांगितलं, तिरप्या उजेडात. यावेळी रेघ दिसली. काढली. सेन्सेई उठून उभे राहिले, मला कमरेत वाकून नमस्कार! डोळ्यांत पाणी. त्यांचा खापरावरचा लेख याच आठवड्यात छापायला जाणार.
सायकल हातात धरून चालतच घरी आले. रेघ दिव्यामुळे दिसली, की पुस्तकामुळे...

२५ जुलै
गेले नाही. मंदार म्हणतो, गप्प बस, कुणाला कळणारे? मला कळलंय ना. पण सांगितलं तर नोकरी जाणार. दीड वर्ष नुसती ‘ओकुसान’ होते, कुणाची तरी बायको. तिथे मला काम होतं.

२६ जुलै
सांगून टाकलं, पुस्तकासकट. सेन्सेईंनी माझं पहिलं ड्रॉइंग काढून दुसऱ्याशेजारी ठेवलं. मग म्हणाले, “वाचता तर मलाही येत होतं. पहिल्या दिवसापासून.”

२ ऑगस्ट
लेखाचं प्रूफ आलं. दोन्ही ड्रॉइंग्ज शेजारी शेजारी, खाली माझं नाव. पहिलं लिपी शिकण्याआधीचं, दुसरं नंतरचं, असं स्वच्छ लिहिलंय. मला म्हणाले, “ड्रॉइंगला आता तुमचा उपयोग नाही. सोमवारपासून माझ्याबरोबर वाचायला बसा.” केवढं मन या माणसाचं! कसे उपकार फेडू?
निघताना खापर परत दिव्याखाली धरलं. रेघ न दिसावी म्हणून खूप प्रयत्न केला.